तिसांतली एक जड बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. लाकडाची. हसलात ना? हसून घ्या. लाकडाची बंदूक म्हटलं की सगळेच हसतात आणि मग विचारतात, "उडते का?" नाही उडत. आजवर मी साधी चिमणीसुद्धा उडवलेली नाही. पण मित्रांनो, एकही गोळी न झाडता मी एका पोराचा खांदा सोलून काढला. ते मी आपण होऊन केलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. म्हणून आज बसा जरा, आणि ऐका.

माझा जन्म एक्क्याण्णव सालचा. जुन्नरच्या पश्चिमेला एक शाळा आहे. नाव सांगत नाही, उगाच उद्या चार माजी विद्यार्थी भांडायला यायचे. तिच्या मैदानावरून लेण्याद्रीचा डोंगर समोर दिसतो. त्या शाळेत तेव्हा आठवी-नववीच्या पोरांना छात्रसेना सक्तीची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर कवायत. हजेरी लागली नाही तर प्रगतिपुस्तकावर शेरा. कवायत म्हटलं की बंदुका आल्या, म्हणून कवायतीचे भोर सर गावातल्या सावळेराम सुताराकडे गेले आणि म्हणाले, "तीस बंदुका पाहिजेत. लाकडाच्या."

सावळेरामनं जन्मात कधी बंदूक केली नव्हती. तो औतं करायचा, जू करायचा, बैलगाडीची चाकं भरायचा. त्यानं सरांना सुताराला पडतो तोच प्रश्न विचारला. "हिचं करायचं काय असतं?"

"खांद्यावर धरायची," सर म्हणाले, "आणि हुकूम झाला की खालचा जाड दस्ता जमिनीवर आपटायचा."

झालं! इथंच सगळा घोळ झाला. जमिनीवर आपटायची म्हटल्यावर सावळेरामच्या डोळ्यांपुढं औतच आलं. औत काय आंब्याच्या फळीचं करतात? त्यानं जू करून उरलेलं बाभळीचं जुनं लाकूड काढलं, चांगलं चार वर्षं वाळलेलं, आणि त्यातून मला घडवलं. अंगानं जाडजूड ठेवलं. दस्त्याच्या बुडाला लोखंडी पट्टी ठोकली, पट्टा अडकवायला दोन लोखंडी कड्या बसवल्या, आणि नातवंडं वापरतील अशी वस्तू केल्याच्या समाधानानं मला भोर सरांच्या हातात दिली.

सरांचा हात एकदम खाली गेला. "अहो सावळेराम, ही बंदूक आहे का नांगर?"

"नांगर हिच्याहून जड असतो, सर," सावळेराम शांतपणे म्हणाला.

सरांनी कपाळाला हात लावला. बाकीच्या एकोणतीस आंब्याच्या लाकडाच्या, हलक्या करायला सांगितल्या. मला परत द्यावं तर मोजदादीत तीसच पाहिजेत. "असू दे एक," सर म्हणाले, "ही वेगळी ठेवू." सगळ्यांना एकसारखा काळा रंग फासला, दस्त्यावर पांढऱ्या रंगानं आकडे घातले. मी पहिली, म्हणून माझा नंबर एक. आणि 'वेगळी ठेवू' म्हणालेले सर आठवड्यात ते विसरूनही गेले. माणसांचं हे असंच असतं बघा. एकदा रंग मारला की आत काय लाकूड आहे ते कुणी बघत नाही.

पोरं मला 'म्हैस' म्हणायची. सुरुवातीला मला राग यायचा, पण खरं सांगते, पहिली दोन-तीन वर्षं माझी चैन होती. वर्गातलं सगळ्यात दांडगं पोर मला आपणहून उचलायचं. दादाभाऊ नावाचा एक पोरगा होता, पैलवान घरचा. त्यानं सव्वीस जानेवारीला मला खांद्यावर टाकून असा काही सलाम ठोकला की पाहुणे म्हणाले, "ही एक मात्र खरी वाटते हं." त्या दिवशी मी सामानाच्या खोलीत परत आले ती तोऱ्यात. बाकीच्या आंब्याच्या बंदुकांशी चार दिवस बोललेसुद्धा नाही. तेवढीच एक माझ्या आयुष्यातली शाबासकी.

मग चौऱ्याण्णव साल उजाडलं, आणि नववीत कुशाबा आला.

कुशाबा वरच्या डोंगरातला. त्याच्या वाडीवरून आमच्या शाळेत यायचं म्हणजे आधी दोन तास पायी आणि मग एसटी, म्हणून तो शाळेशेजारच्या वसतिगृहात राहायचा. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्याचा डावा पाय काडीसारखा राहिलेला. त्या पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. त्याला डॉक्टर कॅलिपर म्हणतात, पोरं लोखंडी बूट म्हणायची. तो घातला की कुशाबा टकटक आवाज करत चालायचा. काढला की मांडीवर हात दाबून, वाकून, एकेक पाऊल टाकावं लागायचं.

आता नीट ऐका, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. कुशाबाच्या घरी भाताची खाचरं. खाचरात गुडघाभर चिखल. चिखलात तो बूट चालत नाही आणि बुटाशिवाय कुशाबा चालत नाही. हिरडा गोळा करायला रान तुडवावं लागतं, तेही जमायचं नाही. म्हणून त्याच्या बापानं, रखमाजीनं, पोराला शिकायला खाली पाठवलं होतं. दहावी झाला तर कुठंतरी बसून करायचं काम मिळेल. नाही झाला तर आयुष्यभर ओटीवर बसून दुसऱ्यांच्या हातांकडं बघत राहायचं. कुशाबाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो कशाचीही तक्रार करायचा नाही. तक्रार केली, बापाच्या कानावर गेली, बाप येऊन घेऊन गेला, की संपलं.

आणि तक्रार न करणारं पोर सापडलं की काही माणसांना किती चेव येतो म्हणून सांगू!

गोरख त्यातलाच. आमच्या तीस पोरांच्या ट्रूपचा, म्हणजे तुकडीचा, लीडर. घरची बागायत, अंगानं उंचापुरा, आवाज खणखणीत. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं. कवायतीची घंटा झाली की पोरं धावत सुटायची आणि हलक्या बंदुका उचलायची. कुशाबा टकटक करत पोचेपर्यंत खोलीत एकटी मीच. पहिल्यांदा ते आपोआप झालं असेल. दुसऱ्यांदा गोरखनं दारात उभं राहून म्हटलं, "ये राव ये, तुझी म्हैस तुझी वाट बघतीय. दावं सोड अन् घेऊन जा." सगळे खो खो हसले. त्यानंतर तो नियमच झाला.

पाच किलोला जरा वरच असेन मी. बाकीच्या माझ्या निम्म्यासुद्धा नाहीत. ज्याला दोन पायांवर भार सारखा वाटता येतो, त्याला काही वाटत नाही. कुशाबाचा सगळा भार एकाच पायावर, त्यात वरून मी. 'पीछे मुड' म्हटलं की त्याला वळायला अर्धा क्षण जास्त लागायचा. तेवढ्यासाठी गोरख शिक्षा द्यायचा. बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर, आणि मैदानाला फेरी. एक पाय ओढत, डोक्यावर मला धरून तो पोरगा फिरायचा, आणि बाकीचे टाळ्यांवर ताल धरून "टक टक, टक टक" म्हणायचे. मला हात असते ना, एकेकाच्या थोबाडीत दिली असती. पण मी पडले लाकूड. मला त्याच्याच डोक्यावर बसून ते सगळं बघावं लागायचं.

तुम्ही म्हणाल, भोर सर काय करत होते? सर लिंबाखाली खुर्ची टाकून हजेरी लिहीत होते! कुणी सांगितलं तर म्हणायचे, "मिलिटरीत काय वेगळा न्याय असतो का? सगळ्यांना सारखंच." मिलिटरीचं एवढं कौतुक करणारे सर स्वतः तरुणपणी भरतीला गेले होते आणि छाती भरली नाही म्हणून परत आले होते. ते दुःख त्यांनी वीस वर्षं सांभाळलं आणि पोरांवर काढलं. माणूस वाईट नव्हता, तेही सांगते. पण वाईट नसलेल्या माणसाला डोळे उघडायला कुणी बंदी केली होती का?

कुशाबा माझ्याशी बोलायचा. मला खांद्यावर घेताना हळूच म्हणायचा, "म्हशे, आज नीट ऱ्हा गं." त्याच्या उजव्या खांद्याची कातडी सोलली होती. मग त्यानं शर्टाच्या आत जुन्या लुगड्याचा एक तुकडा घडी करून ठेवायला सुरुवात केली. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी गोरखच्या ते ध्यानात आलं. त्यानं सगळ्यांसमोर तो तुकडा ओढून काढला. "काय रे, फौजी गादी घेऊन लढाईला जातो का?" तो तुकडा पोरांनी मैदानभर उडवला. आईच्या लुगड्याचा होता तो. कुशाबानं फक्त एवढंच म्हटलं, "द्या की परत." दिला नाही कुणी.

असे चार महिने गेले. पोरगं टिकून होतं. तोंडातून शब्द नाही, अभ्यासात वर्गात तिसरा. मला वाटलं, काढेल हे वर्ष. आणि मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेतही व्हायची. सकाळी मैदानावर सतरंजी घालून आम्हा तिसांना ओळीनं मांडायचे, शेजारी ढोल, बिगुल, बागेतली खुरपी, विळे. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. मी नंबर एक, म्हणून ओळीत सगळ्यात पहिली. वर्षातून एकदाच मला कुणी फूल वाहायचं, त्यामुळं मी त्या दिवसाची वाट बघायची.

त्या सकाळी माझ्या शेजारी फुलांच्या ढिगाखाली अजून काहीतरी आणून ठेवलं. लोखंड आणि चामडं. मी ओळखलं. कुशाबा नळावर आंघोळीला बसला होता, तेव्हा त्याचा बूट भिंतीवरून उचलून आणला होता. गोरख आणि त्याचे दोघे सोबती मागं उभं राहून गालात हसत होते.

भोर सरांनी सोवळं नेसलेलं, चष्मा खिशात. ते एकेका हत्याराला हळदकुंकू लावत आले. माझ्यावर बोट टेकवलं, मग त्या लोखंडावरही टेकवलं, वर झेंडू ठेवला आणि पुढं गेले. काय आहे ते बघितलंच नाही. नारळ फुटला. सगळी शाळा रांगेत उभी. आणि वसतिगृहाच्या बाजूनं कुशाबा आला. ओला, मांडीवर हात दाबून, वाकून, एकेक पाऊल टाकत. सगळीकडं शोधून झाल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तुझा बूट मैदानावर आहे.

"शस्त्र न्यायला मालक आले!" गोरख ओरडला. "ट्रूप, सावधान!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! चारशे पोरं. मुख्याध्यापकांनी तोंडावर रुमाल धरला. भोर सरांनी आधी बघितलं, मग त्यांना समजलं, आणि मित्रांनो, मी अगदी शेजारी होते, मी स्वतः पाहिलं, त्यांच्याही ओठांना हसू आलं. लगेच त्यांनी ते दाबलं. पण कुशाबानं बघायचं ते बघितलं होतं. त्यानं खाली बसून फुलं बाजूला केली, कुंकवानं भरलेला बूट पायात घातला, पट्टे आवळले आणि निघून गेला. चार महिन्यांच्या म्हशीनं जे झालं नव्हतं ते त्या एका हसण्यानं झालं. त्याच दिवशी त्यानं वाडीकडं जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, "मला न्यायला या. मी शाळा सोडतोय."

शुक्रवारी रखमाजी आला. पटका, बंडी, अंगावर घोंगडी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. वसतिगृहातून पोराची पत्र्याची पेटी उचलून आणून त्यानं ओट्यावर ठेवली. दाखला मागितला तर क्लार्क म्हणाला, "छात्रसेनेची टोपी आणि पट्टा जमा करा, मग दाखला." म्हणून बापलेक सामानाच्या खोलीकडं आले. नेमकी कवायतीची वेळ. पोरं आपापल्या बंदुका घेऊन रांगेत उभी, आणि खोलीत नेहमीप्रमाणे एकटी मी.

कुशाबानं टोपी आणि पट्टा काढून भोर सरांसमोर ठेवला. रखमाजीनं सहज विचारलं, "अन् ही? ही मपल्या पोराची का?"

"हो," कुशाबा म्हणाला.

रखमाजीनं मला उचललं. उचलताच थांबला. मला उलटं धरलं, दस्त्यावरचा रंग जिथं उडाला होता तिथं अंगठ्याचं नख रोवून बघितलं. मग मला खांद्याला लावूनच रांगेकडं गेला आणि पहिल्या पोराच्या, म्हणजे गोरखच्या हातातली बंदूक घेतली. दोन्ही हातांत दोघी. सगळं आयुष्य लाकडात काढलेल्या माणसाला किती वेळ लागणार?

"सर," तो म्हणाला, "ही बाभळीची हाय. ही आंब्याची. मपल्या पोराला ही बाभळीची कधीपासनं?"

"सगळ्यांना सारखीच बंदूक असते हो," सर म्हणाले. "मिलिटरीत—"

"तुमी वाईच धरा."

सरांनी मला एका हातात घेतलं, एखाद्या वेताच्या छडीसारखं. हात खाली गेला. तीन वर्षांपूर्वी गेला होता तसाच! मला वाटलं, आता तरी आठवेल. दुसरा हात लावून त्यांनी मला सावरलं.

"आता डोक्यावर धरा," रखमाजी म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नाही. "मपलं पोर धरतंय म्हनं. लोकांनी सांगितलं मला एसटीत."

सगळी पोरं बघत होती. नाही कसं म्हणणार? सरांनी मला डोक्यावर धरलं. रखमाजीनं घाई केली नाही. त्यानं पटका सोडला, झटकला, आणि पुन्हा एकेक वेढा नीट बसवत बांधायला घेतला. अर्ध्या पटक्यातच सरांचे दंड थरथरायला लागले. पुरा बांधून व्हायच्या आत त्यांनी मला खाली घेतलं. चेहरा घामानं डबडबलेला.

"मला माहीत नव्हतं," सर म्हणाले.

माहीत नव्हतं! अहो, तुम्हीच ना मला 'नांगर' म्हणाला होतात? तुम्हीच ना 'वेगळी ठेवू' म्हणाला होतात? माझ्या जिवाचा असा संताप झाला की काय सांगू. पण चला, निदान खाली बघत होते.

रखमाजी म्हणाला, "अन् त्या लोखंडाला तुमी कुंकू लावलं ते बरं केलं, सर. त्येच्यामुळंच पोर चालतंय. आमीबी घरी लावतो दर वर्साला. पर त्येच्यात हसायचं काय व्हतं, तेवढं मला सांगा."

सरांनी मला भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "असं करू. कुशाबाला कवायतीतून सूट देतो. डॉक्टरचा दाखलासुद्धा नको. पायरीवर बसू दे, मी हजेरी लावत जाईन. पण शाळेतून नका काढू, हुशार आहे हो."

बघा, म्हणजे पुन्हा तेच! चुकली सगळी फौज आणि पायरीवर बसणार कुशाबा. रखमाजीला ते बरं वाटलं असावं, त्यानं पोराकडं बघितलं. गोरखलाही बरं वाटलं, त्याचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात कुशाबा बोलला. चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं.

"मला सूट नको."

"अरे, मग हलकी बंदूक घे—"

"हलकी बी नको. कुनाला तरी म्हैस घ्यावीच लागंल ना, सर? तीस पोरं हायती, तीस बंदुका हायती. मग नंबरानं घ्यायची. हजेरीपटावर जसा नंबर, तसा. आज एक, मंगळवारी दोन. माझा नंबर आला का मी घेईन. लीडरचा आला का लीडरनं. तसं असंल तर मी ऱ्हातो. नसंल तर दाखला द्या."

सरांनी खडू घेतला आणि सामानाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्यांची नावं नंबरवार लिहिली. वर लिहिलं : 'बंदूक क्र. १.' रखमाजीनं ती यादी वाचली नाही, त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पोराला विचारलं, "लिवलं का समद्यांचं?" कुशाबा "हो" म्हणाला. मग त्यानं पेटी उचलून पुन्हा वसतिगृहात नेऊन ठेवली, आणि मोकळ्या हातांनी एसटीला गेला.

त्यानंतर चिडवणं बंद झालं, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? पण "टक टक"चा ताल बंद झाला. कारण दर कवायतीला एक नवा खांदा माझ्याखाली यायचा आणि संध्याकाळी तो खांदा चोळत घरी जायचा. नंबर येईल तशी एकेकाच्या शर्टाखाली फडकी आली. ज्यानं आईच्या लुगड्याचा तुकडा उडवला होता, त्यानंच एके दिवशी कुशाबाला विचारलं, "ती घडी कशी घालायची रं? माझी सरकती." कुशाबानं दाखवली. मी असते तर दाखवली नसती, पण तो कुशाबा होता.

आणि गोरख? गोरखचा नंबर अकरावा. त्याच्या दिवशी त्याला ताप आला. चिठ्ठी आली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याचं नाव घेतलं, तर पाय मुरगळला. चिठ्ठी आली. त्यानंतर दुसऱ्या सत्राची चाचणी परीक्षा आली, मग यादी पुढं सरकली. जी सूट कुशाबानं घेतली नाही, ती लीडरसाहेबांनी सहीशिक्क्यासह घेतली. सबंध वर्षात गोरखनं मला एकदाही उचललं नाही. माझं गणित पक्कं आहे, मी विसरत नाही.

कुशाबा नववी झाला, दहावी झाला, पहिल्या वर्गात. पुढं शिकायला मंचरला गेला. निकालाचा कागद घ्यायला आला तेव्हा सामानाच्या खोलीच्या खिडकीतून हात घालून त्यानं माझ्या दस्त्यावर टकटक केलं. "काय म्हशे, बरी हायस ना?" बस, तेवढंच. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही.

मग दिवस बदलले. दोन हजार सालानंतर आमच्या शाळेतली कवायत हळूहळू थांबली. भोर सर निवृत्त झाले. खोलीला कुलूप लागलं आणि आत वाळवी शिरली. ज्या हलक्या बंदुकांसाठी पोरं धावायची, त्या एकोणतीसच्या एकोणतीस भुगा होऊन गेल्या. मी बाभळीची, वाळवीनं मला तोंडसुद्धा लावलं नाही. सावळेरामची चूक शेवटी मला कामी आली. पण त्याचं सुख कसलं? मला उचलून खिचडीच्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून लावलं. पोषण आहाराचे तांदूळ, कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून मी राखत होते. सहा-सात वर्षं ते केलं.

दोन हजार नऊ साली शाळेची आवराआवर निघाली. शाळा समितीवरचे एक साहेब बघायला आले. पांढरा शर्ट, हातात मोबाईल, सोबत त्यांची दुसरीतली मुलगी, अक्षदा. साहेब दारात थांबले, माझ्याकडं बघितलं आणि ओरडले, "अरे! ही तर म्हैस!"

आवाजावरून मी ओळखलं. गोरख.

"अगं अक्षदा, लई धमाल यायची आमच्या वेळी," तो सांगायला लागला, हसत हसत. "एक मुलगा होता, लोखंडी बुटवाला. त्याला आम्ही रोज हीच द्यायचो. डोक्यावर धरून ग्राउंडला चक्कर! काय हसायचो आम्ही, पोट दुखायचं!" धमाल म्हणे! माझ्या कड्यासुद्धा तापल्या रागानं. पंधरा वर्षांत ह्याला त्या खेळातलं फक्त हसणंच आठवत होतं.

अक्षदा हसली नाही. तिनं खाली वाकून मला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलायला गेली. माझं एक टोक वीतभर वर आलं, मी परत खाली.

"मला नाही उचलत," ती म्हणाली. "पप्पा, तो मुलगा कसा धरायचा? तुम्ही दाखवा ना."

"अगं, राहू दे, धूळ आहे."

"दाखवा ना. तुम्ही पण धरायचात ना? मी अंक म्हणते, मला शंभरपर्यंत येतात."

पोरीपुढं कुठली चिठ्ठी आणणार? गोरखनं मोबाईल खिशात टाकला. मला उचललं. पहिल्यांदा. डोक्यावर धरलं. अक्षदा मोठ्यानं अंक म्हणायला लागली. वीसपर्यंत तो हसत होता. तीसला हसू थांबलं. चाळीसच्या पुढं त्याचे हात लटपटायला लागले, आणि पांढऱ्या शर्टाखाली दोन धडधाकट पाय असलेला तो माणूस दाराच्या चौकटीला टेकला. "दमलात का, पप्पा?" अक्षदा म्हणाली. "अजून शंभर नाही झाले. तो मुलगा सबंध ग्राउंड फिरायचा ना?"

गोरखनं मला खाली घेतलं. फेकलं नाही, दोन्ही हातांनी भिंतीला नीट टेकवलं. मग म्हणाला, "लई जड हाय गं ही."

मित्रांनो, मला तेल-रंग लावा, काचेच्या कपाटात ठेवा, असलं काही मी मागत नाही. अडसर म्हणून मी बरी आहे. फक्त एवढंच सांगते. दुसऱ्याच्या खांद्यावर काही ठेवायचं असेल, तर आधी स्वतः उचलून बघत जा. लगेच बघा, त्याच दिवशी. गोरखला ते चार-पाच शब्द म्हणायला पंधरा वर्षं लागली, आणि ते ऐकायला तेव्हा कुशाबा तिथं नव्हता.